कोठारात बसवलेल्या मांडेकरणी

फार पूर्वी, राजे पोटभर जेवायचे आणि प्रजा त्यांचे ढेकर मोजायची त्या काळी, एका राजाच्या मुदपाकखान्यात मांडे करणाऱ्या सात बायका होत्या. राजा तसा साधा. लढाई म्हटलं की त्याला सर्दी व्हायची, पण मांडे म्हटलं की ताप असला तरी उठून बसायचा.

मांडा करणं म्हणजे भाकरी थापणं नव्हे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायचा आणि पलीकडचा जाळ दिसेल इतका पातळ झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा. तेवढा वेळ बाईचे दोन्ही हात अडकलेले. नाकावर माशी बसली तरी हाकलायची सोय नाही.

त्या सातजणींत एक थोरली होती आणि एक धाकटी. बहिणी नव्हेत, शेजारशेजारच्या चुलींवरच्या. थोरलीनं धाकटीला उंडा झुलवायला शिकवलं आणि धाकटीनं थोरलीला हसायला. हात मांड्यात आणि जीभ गावभर, असा दोघींचा दिवस जायचा. राजाच्या पोटावर त्यांनी इतक्या गमती रचल्या होत्या की त्या त्याला कळत्या तर तो एक मांडा कमी खाता. निदान अर्धा तरी.

मुदपाकखान्याचा मुख्य होता बडा आचारी. मिशी तुपातली, बोलणं मधातलं. त्याला एक खोड होती. बाईचे दोन्ही हात मांड्यात अडकले की हा बरोब्बर तिच्या मागे येऊन उभा राही. कमरेला चिमटा काढी, कानाशी लागून नको ते बोले. त्याला ढकलावं तर मांडा पडतो, आणि मांडा पडला की ओरडायलाही हाच पुढे. म्हणे, महाराजांचं अन्न मातीत घातलंस.

एके दिवशी धाकटीनं मांडा खुशाल पडू दिला, पदर खोचला आणि सरळ पंचांपुढे जाऊन उभी राहिली.

पंच पाच होते. फार अनुभवी माणसं. जेवायला बसली की उठवायला दोघं लागत, इतका अनुभव. पाचांच्याही घरी रोज बड्या आचाऱ्याकडून झाकलेलं ताट जाई. कुणाला बासुंदी, कुणाला तांबडा रस्सा, कुणाला दाताखाली कुरकुरणारं काहीतरी. ज्याची त्याची आवड आचाऱ्याला तोंडपाठ.

धाकटीचं सगळं ऐकून पहिले पंच म्हणाले, "अगं, हातानं ढकलायचं होतंस त्याला."

"हातात मांडा होता."

"मग मांडा टाकायचास."

"मागेही टाकला होता. म्हणून त्यानं मला दुपारभर उन्हात उभं केलं."

"म्हणजे मांडा टाकलास हे तुला कबूल आहे," असं म्हणत दुसऱ्या पंचांनी तेवढंच लिहून घेतलं.

तिसऱ्यांनी विचारलं, "पाहिलं कुणी?"

धाकटीनं मागोमाग आलेल्या थोरलीकडे बोट केलं. थोरलीनं सगळं पाहिलं होतं. तिचे हात तेव्हा अडकलेले होते, पण डोळे उघडे होते, आणि आत्ता तर तोंडही मोकळं होतं. पण तिच्या मनात आलं, बोलले तर माझं खापर जाईल. वीस वर्षं त्या खापराशी उभं राहून तिचं त्याच्याशी जवळजवळ लग्नच लागलं होतं.

"माझं लक्ष मांड्याकडे होतं," ती म्हणाली.

धाकटीनं तिच्याकडे एकदा पाहिलं.

"पोरी, तुला त्रास नको म्हणून तुझी सोय करतो," चौथे पंच मायेनं म्हणाले. "उद्यापासून कोठारात तांदूळ निवडायला बस. सावली आहे, वारा आहे." पाचव्या पंचांचं म्हणाल तर त्यांना डुलकी लागली होती.

दुसऱ्या दिवशी पाची ताटांवर एकेक वाटी जास्त आली.

पुढे आठवडाभरात बडा आचारी थोरलीच्या मागे येऊन उभा राहिला. शेजारची चूल रिकामी होती, आता जवळून बघणारंही कुणी नव्हतं. थोरली पंचांकडे गेली. तेच पंच, तेच प्रश्न, तीच सावली आणि तोच वारा.

कोठारात धाकटी बसलेली होती. तिनं जरा सरकून जागा दिली, एक सूप पुढे ढकललं आणि पुन्हा तांदळात मान घातली.

मग थोरलीचे दिवस जाईनात. मुदपाकखान्याच्या बाजूनं वारा आला की भाजलेल्या कणकेचा आणि वेलदोड्याचा वास यायचा, आणि तिचे हात सुपावरून आपोआप वर उचलले जायचे. रिकामेच झुलायचे. कोठारातल्या बायका बघायच्या आणि नजर वळवायच्या. खापराची धग चेहऱ्यावर नाही म्हणून तिला भर उन्हाळ्यात गार वाटायचं. पण खरं सांगायचं तर खापराची आठवण दुपारपुरती होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला हवं होतं ते शेजारच्या चुलीवरचं बोलणं. धाकटी आता हातभर अंतरावर बसायची, आणि त्या हातभरात सबंध गाव मावलं असतं.

एकेक करत सातही मांडेकरणी कोठारात आल्या. त्या राज्यात तांदूळ इतका निवडला जाऊ लागला की एक खडा सापडला तर दोघी भांडायच्या. मुदपाकखान्यात उरला बडा आचारी आणि त्याची होयबा मंडळी. मांडे कुठे गेले असं राजानं विचारलं, तर आचारी म्हणाला, "महाराज, या हवेला मांडे बाधतात." राजा उसासा टाकून भात खायचा. भात मात्र एकदम स्वच्छ.

पुढं राजकन्येचं लग्न ठरलं. व्याह्यांनी निरोप धाडला, तुमच्याकडचे मांडे खायचे आहेत. होयबांनी मांडे केले. पहिला मांडा पंक्तीत आला तो व्याह्यांना वाटलं बसायला घोंगडी दिली. त्यांनी तो अंथरलाही.

कारभारी धावत कोठारात आला. "थोरले, चल बाई. आजचा दिवस खापर सांभाळ. पाया पडतो."

थोरली ताडकन उठली. हात तर तिच्या आधी उठले होते. दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"तो आहे तिथं?"

"असणारच, मुख्य आहे तो. पण आज नीट वागतो म्हणालाय."

थोरलीनं मुदपाकखान्याच्या धुराकडे पाहिलं. मग परत येऊन बसली आणि सूप मांडीवर घेतलं. "कारभारी, तांदूळ राहिलाय निवडायचा."

बाकीच्या सहाजणींनीही सुपं उचलली. कारभाऱ्यानं कपाळावर हात मारला आणि राजाला घेऊन आला.

"तुम्हाला इथं कुणी बसवलं?" राजानं विचारलं.

"तक्रारीनं," धाकटी म्हणाली.

"आणि तक्रारीचं काय झालं?"

"हेच झालं, महाराज."

मग तिनं घडलेलं सांगितलं. राजाच्या मागोमाग आलेले पंच म्हणाले, "महाराज, साक्षीदार नव्हता हो."

"होता," थोरली म्हणाली. "मी होते. मी पाहिलं आणि खापरासाठी खोटं बोलले. शिक्षा द्यायची तर मलाही द्या, पण हिचं खरं होतं हे आज लिहून घ्या."

राजानं तांदळाच्या ढिगाकडे पाहिलं. "मांडे बंद झाले तेव्हा मी पोटाचीच चौकशी केली," तो म्हणाला. "करणाऱ्या कुठे गेल्या हे विचारलं नाही."

बडा आचारी त्याच दिवशी राज्याबाहेर गेला. पंचांची ताटं गेली आणि पंचकीही. नवा नियम झाला: ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या हातचं खाणाऱ्यानं ती ऐकायची नाही; आणि निवाडा होईपर्यंत जागेवरून उठायचं ते ज्याच्यावर तक्रार त्यानं, तक्रार करणारीनं नव्हे. थोरलीला शिक्षा काय द्यावी असं राजानं धाकटीला विचारलं, तर ती म्हणाली, "तिला ठाऊक आहे."

आता सातही चुली पेटतात. राजाचं पोट पुन्हा वाढलंय, त्यावर नव्या गमती निघतात. धाकटी त्या बाकीच्यांना सांगते. थोरलीशी कामापुरतं बोलते. पुरण सरकव. लाकूड आत घे. थोरली पुरण सरकवते, लाकूड आत घेते आणि मांडा झुलवताना कान शेजारच्या चुलीकडे लावून ठेवते.

तात्पर्य: तक्रार करणाऱ्याची जागा बदलली म्हणजे न्याय झाला असं समजू नये. आणि पाहिलेलं ज्या दिवशी विचारतात त्याच दिवशी सांगावं. उशिरा सांगितलं तर खापर परत मिळतं, शेजारीण मिळेलच असं नाही.