बंट अडवायची रीत

अमरावतीत बेसबॉलच्या अंतिम सामन्याचा शेवटचा डाव रंगला होता. वैदेही ढोकणेचा संघ एकाच धावेने पुढे होता आणि विरोधी धावपटू दुसऱ्या बेसवर उभी होती. विरोधी संघाचे प्रशिक्षक काळमेघ सर आपल्या बॅटरला ओरडून म्हणाले, "बंट कर गं! बॅट नुसती टेकवून चेंडू हळूच पुढ्यात पाड, या पोरींना तो उचलता येत नाही!"

वैदेहीने खूण करताच तिच्या संघातल्या दोघी बंट अडवायला बॅटरकडे धावत सुटल्या. आता बंटच होणार म्हणून धावपटू बेस सोडून पुढे सरकली. वैदेही दबकत मागून बेसवर पोचली, चेंडू टाकणाऱ्या पिचरने गर्रकन वळून तो तिच्याकडे फेकला आणि धावपटू बेसवर परतायच्या आतच वैदेहीने तिला चेंडू टेकवून बाद केलं. पुढच्या दोघीही टिकल्या नाहीत आणि वैदेहीचा संघ जिंकला.

सर तणतणत आले. "बंट अडवायचं नुसतं नाटक केलंत!"

"नाटक कसलं, सर?" वैदेही हसली. "अडवलाच की, व्हायच्या आधी!"