निळ्या पायरीवरचा तांब्या

नांदरखेडला आरणी नदीच्या घाटाची शेवटची पायरी निळसर आहे. कितीही घासली तरी तो रंग जात नाही. गावचे भिकाजी गुरव पाहुण्यांना आधी त्या पायरीवर उभे करतात आणि मग साळू कोळिणीची हकिगत सांगतात. ऐंशीच्या घरात आले, पण सांगताना त्यांचा आवाज अजून तापतो.

फार पूर्वी, म्हणे, एका व्यापाऱ्याने गावाच्या वरच्या अंगाला निळीचे हौद बांधले. हौद धुतले की घाण सरळ नदीत. मासे मेले, गाव हगवणीने खंगले. लोक गाऱ्हाणे घेऊन गेले, तर पाटील म्हणाला, "निळीला दाम येतो. पान्याचं काय, त्ये फुकटचं!" आणि स्वतःच्या घरासाठी मात्र साळूला दोन कोसांवरच्या डोंगरझऱ्यावर धाडू लागला. याला म्हणायचे गावचा धनी!

साळूची लेक येसू तेव्हा अंथरुणाला खिळली होती. साळू झऱ्याची घागर डोक्यावर घेऊन रोज स्वतःच्याच दारावरून जायची आणि आतून येसू म्हणायची, "आये, पानी." पण ते पाणी पाटलाचे. त्यातले ओंजळभर दिले असते, तरी साळूचे वर्षाचे बलुते बुडाले असते.

एके दिवशी तिचे पाय दारातच थांबले. तिने सगळी घागर लेकीच्या उशाशी मडक्यात ओतली, घाटावर जाऊन नदीचे पाणी भरले आणि तडक चावडी गाठली. पाटलाच्या हाती तिने तांब्या दिला. निळे पाणी पाहून तो कडाडला, "साळे, ह्ये काय मानसानं प्यायचं पानी हाय व्हय?"

भरल्या चावडीत तो हे बोलून बसला.

"मग आमी कोन, पाटील?" साळू म्हणाली. "आन् पानी फुकटचं आसंल, तर डोंगरातनं माज्या डोईवर कशापायी आनवता?"

साळू तिथेच बसली. एकेक करत गावच्या साऱ्या बाया येऊन बसल्या. पाटलाकडे पाणी भरायला कोणी उठेना. असे सांगतात, की तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः घागर घेऊन झऱ्यावर गेला आणि परतताना, ओझे न पेलून, अर्ध्या वाटेत ती फोडून बसला. त्याच दिवशी हौद बुजवायचा हुकूम निघाला. येसू वाचली. सगळ्यांच्या लेकी वाचल्या नाहीत, हे सांगायला भिकाजी कधी विसरत नाहीत.

आजही नवा सरपंच खुर्चीत बसण्याआधी त्या पायरीवर तांब्याभर नदीचे पाणी पितो. नदीकाठी काही उद्योग काढू म्हणणाऱ्यालाही हाच नेम. गेल्या साली वरच्या अंगाला कारखाना काढायला एक साहेब आले. "पाणी नाहीतरी वाहूनच जातं," म्हणाले. बायांनी तांब्या पुढे केला. पाणी इतके नितळ, की तांब्याचा तळ दिसत होता. साहेबांनी पिशवीतून आपली बाटली काढली.

गावाने त्यांचा अर्ज तिथेच, पायरीवर, परत दिला.