सातूची वानगी

अंबावती नगरावर राजा वीरसेनाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या धान्याच्या पेठेत व्यापारी होता. सीमेवर लढाई पेटली आणि पलीकडच्या मुलखातले निर्वासित नगराबाहेर पालं ठोकून राहिले. राजाकडून धान्य येई, तरी पोरं वाळतच चालली. का, ते पाहायला बोधिसत्त्व स्वतः गेला.

त्या लोकांची चाल अशी, की अन्न आधी थोरांपुढे, मग कर्त्यांपुढे. पोरांना उरेल ते. सुखाच्या दिवसांत भरपूर उरे. आता भांडं खरवडावं लागे. तांड्याचा म्होरक्या रोहक. त्याची नात उत्पला तीन वर्षांची, पण मान धरवत नव्हती. रडायचंही तिनं सोडलं होतं.

"आजोबा, आधी पोरीला भरवा."

"शेटजी, घर गेलं, घोडे गेले. चाल तेवढी राहिली. तीही सोडू?"

बोधिसत्त्व पेठेकडे परतला. वाद घालून कधी गिऱ्हाईक वळलं आहे?

दुसऱ्या दिवशी त्यानं पालांशेजारीच भट्टी मांडली. जव, तीळ भाजून सातूचं पीठ केलं, गूळ, तूप घालून दुधात कालवलं आणि हाळी दिली, "वानगी चाखायला माणसं पाहिजेत! दुधाच्या दातांचीच. विडे खाऊन मेलेल्या जिभा नकोत!"

"हे जेवण नव्हे ना?" रोहकानं दरडावलं.

"वानगीनं पोट भरतं तर आमच्या पेठेत कुणी चूल पेटवली असती का?"

"मग चाखू देत."

वानगी बोटभर असते खरी, पण दर घाण्याला नवी. बोधिसत्त्व दिवसभर लहान लहान घाणे काढी. उत्पलाची आई तिला मांडीवर घेऊन चाटवी. आधी पोरीनं नुसते डोळे उघडले. मग एके दिवशी म्हणाली, "गूळ कमी!" अख्खा तांडा हसला.

एका सकाळी रोहक भट्टीपाशी येऊन बसला. "शेटजी, मी जन्मभर घोडे विकले. एकाच मालाची रोज रोज वानगी कुणी घेत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पोर गेली असती." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "आजपासून आधी पोरं जेवतील. मीच सांगतो सगळ्यांना."

संध्याकाळी त्यानं स्वतःपुढचं ताट उत्पलापुढे सरकवलं. तिनं ते पुसून खाल्लं आणि वर म्हणाली, "अजून!" रोहक त्या दिवशी अर्धपोटी झोपला, पण घोरला पोटभर.

एवढी मागच्या जन्मीची गोष्ट सांगून शास्ता हसले. म्हणाले, "भिक्खूंनो, लहान श्रामणेरांना आधी वाढणारा तुमचा वृद्ध स्थविर तोच तेव्हाचा रोहक. दारातून कुणाला रिकामं न पाठवणारी ही उपासिका म्हणजे उत्पला. आणि भट्टीपाशी घामाघूम होणारा व्यापारी मी." घेणाऱ्याचा मान राखून दिलेलं दान, यालाच दानपारमिता, म्हणजे दानाची पूर्णता, म्हणतात.