शेजारच्या रानातली आंबील

येळवशीच्या दिवशी काळओढा गावाला आलेला पाहुणा हमखास गोंधळतो. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. त्या दिवशी लातूरकडची गावंच्या गावं रानात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबट आंबील उभ्या पिकावर शिंपायची, ज्यानं त्यानं आपापल्या रानात. काळओढ्यात मात्र आपल्या रानात कुणीच शिंपत नाही. मडकं घेऊन जो तो शेजाऱ्याच्या पिकात शिरतो. पाहुण्यानं विचारलंच, तर गावातले दिगंबरतात्या त्याला एका रुंद बांधावर बसवतात आणि प्रयागबाईची गोष्ट सांगतात.

प्रयागबाई ऐन तारुण्यात विधवा झाली म्हणे. तिचं रान ओढ्याकडचं, धाकटा दीर हणमंता याचं गावाकडचं, मधे बांध. हणमंता तसा वाईट नव्हता, पण औत हाकताना त्याचा हात आपोआप बांधाकडं वळायचा. दरसाल वीतभर माती तो आपल्याकडं ओढायचा. कोरून कोरून बांध नावालाच उरला, आणि उरला तोही वहिनीच्या रानात. सात वर्षं दोघं एकाच विहिरीवर पाणी भरत होते, पण बोलत नव्हते. शेवटी बाई पंचांकडं गेली. कागद कुणाकडंच नव्हता. पंचांनी हात झटकले आणि वाद देवावर टाकला. येत्या येळवशीला ऊन पडायच्या आत जो जिथवर आंबील शिंपील, तिथवर त्याचं रान.

त्या पहाटे असं धुकं पडलं म्हणतात, की बाईला स्वतःच्या डोक्यावरचं मडकं हात लावूनच कळत होतं. तिची खूण साधी होती. हणमंताच्या रानातून चालायचं, पाय बांधावर चढला की आपलं रान आलं. ती चालत राहिली. पाय काही चढेना. ज्वारीची ताटं दोन्ही बाजूंनी सारखीच ओली, सारखीच उंच. आपण फार पुढं आलो असं वाटून ती मागं वळली. मग पुन्हा वळली. एकदा तर तिला रडूच आलं. वेळ निघून चालला, तेव्हा देवाचं नाव घेऊन, असेल तेच आपलं म्हणत, तिनं शिंपायला सुरुवात केली. पसाभर आंबील टाकायची आणि ‘चांगभलं’ म्हणायचं. मडकं रिकामं होईतो ती थांबली नाही.

ऊन आलं, धुकं फाटलं. बाईनं पाहिलं तर समोर कोप हणमंताची, पांडव हणमंताचे. आणि पलीकडं तिच्या कोपीशी, रिकामं मडकं घेऊन, हणमंता उभा. धुक्यात वाट चुकून तो ओढ्याकडून वर चढला होता. मधला बांध कधीच ओलांडला असेल, अशा हिशेबानं त्यानं वहिनीचं अख्खं रान शिंपून काढलं होतं.

“वैनी, म्या कुठं हाय?” त्यानं विचारलं. सात वर्षांतलं त्याचं ते पहिलं बोलणं.

“माझ्या रानात. अन् म्या तुमच्या,” बाई म्हणाली, आणि तिनं रिकामं मडकं खाली ठेवलं.

पंच आले, तेही चक्रावले. शब्द पाळायचा तर हणमंताचं रान बाईचं होत होतं आणि बाईचं हणमंताचं. म्हणजे ज्या रानातून त्यानं सात वर्षं माती ओढली, तेच कमी झालेलं रान त्याच्या पदरी येत होतं. करावं तसं भरावं, असं कुणीतरी म्हणालंही. हणमंताच्या तोंडचं पाणी पळालं. पंचांनी बाईला विचारलं.

“माझं मलाच कळंना झालंय,” ती म्हणाली. “ज्या रानाला सात वरसं तळतळाट दिले, त्याला आज म्याच चांगभलं म्हटलंय. ते आता माघारी कसं घ्यावं? रान ज्याचं त्याला ऱ्हाऊ द्या. बांध पहिला हुता तिथं घाला. फकस्त शिंपायचं ते असंच. त्यांनी माझ्यात, म्या त्यांच्यात.”

“अन् एखाद्या साली तुमी न्हाई शिंपलं तर?” हणमंतानं भीत भीत विचारलं.

“ज्या साली बांध कोरशाल, त्या साली न्हाई शिंपणार.”

त्याच दिवशी हणमंतानं बांध जुन्या जागी घातला, तोही आपल्या बाजूची माती ओढून. पुढं गावानंही तोच रिवाज धरला, असं सांगतात. त्या बांधावर दरसाल दोन्हीकडून माती पडते. आता त्यावरून बैलगाडी जाते.

जन्मभर त्या मातीत राबलेली बाई धुक्यात चुकली की तिनं मुद्दाम केलं, हे कोडं तात्यांना अजून सुटलेलं नाही. कधी ते एक सांगतात, कधी दुसरं. आपण हणमंताच्या वंशातले, हे मात्र ते पाहुणा उठायला लागला की हळूच सांगतात. आजही येळवशीच्या सकाळी तात्या आपल्या कोपीशी उभे राहतात आणि पलीकडून मडकं येतं की नाही, ते बघत असतात.