पिठावरची पावले

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. सकाळी थंडी, गवतावर दव. नंतर लख्ख ऊन.

त्या दिवशी दाट रानाच्या कडेला वसलेल्या एका गावात राखणदार निवडायचा होता. या गावातली माणसे वीतभर उंचीची. रानमांजर पंधरवड्यात तीनदा शिरून घरे मोडून गेले होते आणि आयांनी पोरांना अंगणात सोडणे बंद केले होते. राखणीला कुणीतरी मोठे माणूस हवे होते.

मोठ्यांचे चेहरे या लोकांना नीट दिसत नसत. वर पाहून पाहून मान दुखायची. म्हणून ते पायांवरून माणूस ठरवत. वेशीपाशी तांदळाच्या पिठीचे पट्टे पसरायचे, आलेल्याने त्यावरून चालायचे आणि पंचांनी ठसे पाहून निकाल द्यायचा, अशी तिथली रीत.

दोघे आले. एक राजपुत्र, एक राक्षसीण. शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून दोघे चालले.

राजपुत्राचे ठसे रेखीव, सरळ रांगेत. "वा! जणू कमळंच उमटली," पाटीलबुवा म्हणाले.

राक्षसिणीचे ठसे रुंद, अंगठा वाकडा, टाचेला भेगा.

"अगं बाई, ही टाच आहे की नांगरलेलं शेत?" एक पंच म्हणाला. सगळे हसले.

"नांगरलेलं तरी आहे बाबा, पडीक नाही," म्हणत राक्षसीणही हसली.

पाटीलबुवांनी राजपुत्रासाठी हार मागवला. तेवढ्यात भिवराबाई केरसुणी आणि सूप घेऊन आली. पिठी वाया जाऊ नये म्हणून ती गोळा करून चिमण्यांना घालायचे काम तिचे. झाडता झाडता ती थांबली.

"पाटीलबुवा, हार राहू द्या जरा. इकडे या."

"आता काय काढलंस, भिवरे?"

"मुंग्यांची रांग दोन्ही पट्ट्यांवरून गेलीय. तुमच्या या कमळांखाली बघा, चौदा मेल्यात. आणि हिच्या पट्ट्यात रांगेजवळ टाच टेकलेलीच नाही. नुसत्या बोटांवर उभी राहिलीय आणि मग लांब ढांग टाकलीय. एकही मुंगी मेली नाही."

पाटीलबुवांनी ओणवे होऊन दोन्ही पट्टे पाहिले. मग मान वर करून विचारले, "राजपुत्रा, खाली मुंग्या होत्या. दिसल्या नाहीत का?"

"दिसल्या की! पण एवढ्याशा जिवांसाठी कुणी पाऊल थांबवतं का?"

वीतभर उंचीची ती सगळी माणसे दोन पावले मागे सरली. एका आईने आपले पोर उचलून कडेवर घेतले.

"आणि तू गं?" पाटीलबुवांनी राक्षसिणीला विचारले.

"माझं वजन फार आहे, बाबा. मला बघूनच चालावं लागतं."

राजपुत्राला गूळपाणी देऊन निरोप दिला. हार राक्षसिणीच्या करंगळीत घातला. तो तेवढ्यालाच पुरत होता.

त्या हिवाळ्यात रानमांजर दोनदा आले. दोन्ही वेळा वेशीवरूनच परतले. पोरे पुन्हा अंगणात खेळू लागली. राक्षसीण दिवसातून चार फेऱ्या घालत असे. तिच्या पायाखाली कुणीही आले नाही.

तात्पर्य: कुणाला ओळखायचे असेल, तर आपल्याहून लहानांजवळून तो कसा जातो, ते वाकून पाहावे.