ठच्या आत गेलेली येसू

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्यांचे पाळणेसुद्धा अजून रानात झाडं होऊन उभे होते तेव्हा, नदीकाठच्या बोरवंडीत येसू नावाची पोर राहायची. आईबाप गेलेले. आजोबा राघोपंत गावचे पंतोजी, म्हणून मुलगी असूनही तिला शाळेत बसवलेलं.

तेव्हा धूळपाटी असायची. फळीवर विटकरीची पूड पसरायची, त्यात पंतोजी बोटानं अक्षर काढायचे, पोरांनी ते वाचायचं. बाकीची घडाघडा वाचत. येसूनं बघितलं की अक्षरं हलायला लागायची. ‘ळ’ वळवळायचा. आणि ‘ठ’ म्हणजे तर कठडा नसलेली विहीर! जवळ गेलं की आत ओढणार. हसू नका. चाळिशी उलटली तरी ‘ळ’ धड न काढता येणारी माणसं असतात. सांगणारीचं नाव कशाला घ्या.

एकदा पंतोजींनी छडी आपटली. "येशे, वाच! पंतोजीची नात आणि ढ? गाव माझ्या तोंडात शेण घालतंय!"

येसू दचकून उठली, तिचा तोल गेला, आणि पाय पडला थेट पाटीवरच्या ‘ठ’वर.

अक्षराला पाय! "आता सरस्वती हिची वाचा नेणार गं बाई," शेजारची तानीकाकू दारातून डोकावत म्हणाली. असं म्हणतात, येसूनं हात जोडले, ‘चुकले’ म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही.

अंगारे झाले, नवस झाले. पोर मुकीच. तिला वाटायचं, आवाज त्या विहिरीत पडलाय. आणायचा तर आत उतरायला हवं. नुसत्या विचारानं ती उंबऱ्यातूनच परत फिरायची.

शेवटी एका सकाळी ती नदीच्या वाळवंटात गेली. टाचेनं वाळू ओढत खळ्याएवढा ‘ठ’ काढला आणि डोळे मिटून रेघेवरून चालू लागली. असं म्हणतात, खालून कुणी श्वास घेत असावं तशी वाळू वरखाली होत होती.

पंतोजी धावत आले. "कार्टे, पायानं अक्षर? बाहेर ये आधी!" पण तिला धरायचं तर अक्षर तुडवावं लागणार. म्हातारा काठावरच थयथयाट करत राहिला.

येसू वळली, वळत राहिली, आणि होती तिथंच परत आली. तिनं डोळे उघडले.

"आजोबा," ती म्हणाली, "हा ठ आहे. आत काहीच नाही हो. नुसतं वळण आहे."

पंतोजींच्या हातून सुटलेली छडी नदीनं नेली. त्या साली पूर आला तो ‘ठ’ला वळसा घालून गेला, असं म्हणतात. पुढं येसूआजीनं पंचक्रोशीतली पोरं वाळूत चालवून शिकवली.

बोरवंडीत अजूनही शाळेत घालण्याआधी मुलाला नदीवर नेतात, वाळूतल्या ‘ठ’मध्ये एकटं सोडतात. एखादं मध्येच रडत बसतं. हाक मारायची नाही, घाई करायची नाही. ते आपल्या पायांनी बाहेर येईपर्यंत गावात चूल पेटत नाही.