"झालं" म्हणण्याची घाई

एका शहरात रक्तपेढ्यांसाठी थंड कपाटं बनवणारी एक कंपनी होती. प्रत्येक कपाटाला एक संगणक जोडलेला असे. रक्ताची कुठली पिशवी चांगली आणि कुठली बाद, हे तो आपल्या डिस्कवर लिहून ठेवी. डिस्कशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चारुता नावाच्या मुलीने लिहिला होता. पूर्वी हा संगणक बंद व्हायला फार वेळ घेई. चारुताने तो चुटकीसरशी बंद करून दाखवला, तेव्हा तिचे वरिष्ठ बेलसरे सर तिच्यावर भलतेच खूश झाले होते.

एके दिवशी एका रक्तपेढीतून फोन आला. काविळीचे जंतू सापडले म्हणून संध्याकाळी बाद केलेली पिशवी, सकाळी संगणक सुरू केल्यावर चांगली दिसत होती. नर्सबाईंच्या लक्षात होतं म्हणून निभावलं.

चारुता तसाच एक संगणक घेऊन बसली. बंद कर, चालू कर, पुन्हा बंद कर. नोंद कधी टिके, कधी उडे. ड्रायव्हर नेमकं काय करतो ते कळावं म्हणून तिने त्यात एक ओळ घातली. आता तो प्रत्येक पायरीला पडद्यावर निरोप देऊ लागला, आणि दोष गायब झाला. ओळ काढली की दोष हजर. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणाऱ्या पोराचीच ही तऱ्हा. चारुताला मात्र हसू येईना.

बेलसरे सरांना घाई होती. "ओळ राहू दे आत. चालतंय ना? मग उगाच हात लावू नकोस," ते म्हणाले. चारुताने मान डोलावली. खाली नव्या कपाटांचा टेम्पो भरायला लागला.

पण दुपारी जेवतानाही ती ओळ तिच्या डोक्यातून जाईना. ती ओळ काहीच दुरुस्त करत नव्हती. निरोप द्यायला क्षणभर लागे आणि तेवढ्यात डिस्कचं लिहून होई, इतकंच. एखाद दिवशी डिस्क मंदावली तर? दोष कुठे असेल याचा तिला अंदाज होता, आणि तिथेच बघायची तिला भीती वाटत होती. शेवटी तिने आपलंच जुनं काम उघडलं. संगणक लवकर बंद व्हावा म्हणून केलेली युक्ती तिथे होती. डिस्कचं लिहून होण्याआधीच ड्रायव्हर "झालं" असं सांगून मोकळा होई, आणि संगणक डिस्कची वीज तोडून टाकी.

ती सगळ्यांसमोर सरांकडे गेली. "सर, टेम्पो थांबवा. चूक माझीच आहे. आणि आधी गेलेल्या कपाटांतही हाच ड्रायव्हर आहे."

सरांचा चेहरा उतरला. रागवायलाही वेळ नव्हता, कारण रक्तपेढ्यांतले संगणक संध्याकाळी बंद होत. दोघांनी फोन लावायला सुरुवात केली. आज संगणक बंद करू नका, असं सांगत गेले. शेवटच्या ठिकाणी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, आत्ताच बंद केला की."

"त्याआधी कुठली पिशवी बाद केली होती का?"

"केली होती एक. आहे कपाटातच."

"आधी ती बाहेर काढा, आणि मग संगणक पुन्हा सुरू करून बघा. मी फोन धरून आहे."

पावलांचा आवाज दूर गेला. बेलसरे सर चारुताच्या शेजारी कान देऊन उभे होते. बऱ्याच वेळाने त्या गृहस्थांचा आवाज आला, पण आता हळू.

"पिशवी माझ्या हातात आहे, ताई. संगणक हिला चांगली म्हणतोय."

तात्पर्य: दोष दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नाही, तो का दिसेनासा झाला हे कळेपर्यंत निर्धास्त होऊ नये, आणि भीती जिथे बघू देत नाही, तिथेच आधी बघावं.